मरणाची आठवण : भीतीसाठी नव्हे, कामासाठी



धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले पुष्कळ काही बदलते. देव्हारा जातो. त्या जागी तथागतांची मूर्ती आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर येते. लग्न बौद्ध पद्धतीने लागते, मुलांना नवी नावे मिळतात. हे सारे आनंदाचे प्रसंग असल्यामुळे त्या वेळी धम्म पाळणे जड जात नाही. खरी कसोटी लागते ती घरात मरण येते त्या दिवशी. प्रेत अजून अंगणात असते. बायाबापड्यांचा आकांत चाललेला असतो. अशा वेळी एखादी वडीलधारी आत्या कर्त्या मुलाला बाजूला घेऊन हळूच विचारते, "बाळा, दहाव्याचं काय करायचं? पिंडाला कावळा नाही शिवला तर त्याचा जीव अडकून राहील ना रे?"

मुलाला बावीस प्रतिज्ञा पाठ असतात. श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही, ही सहावी प्रतिज्ञा त्याने स्वतःच्या तोंडाने घेतलेली असते. तरीही तो गप्प होतो. सोयरेधायरे त्याच्याकडे पाहत असतात. तो पिंड देत नाही, पण मनात धाकधूक राहते. किंवा आत्याच्या समाधानासाठी देऊन टाकतो, आणि मग मनात शरम राहते.

असे का होते? आपण विधी सोडला, पण मरणाविषयीचा जुना विचार मनातून काढून नवा विचार तेथे ठेवला नाही. रिकाम्या घरात जसे उंदीर-घुशी शिरतात, तशी रिकाम्या मनात जुनी भीती परत येऊन बसते. म्हणून आजच्या पाठासाठी आपण 'मरणानुस्सती' हा विषय घेतला आहे. मरणानुस्सती म्हणजे मरणाची वारंवार आठवण ठेवणे. नावाने दचकू नये. हा विषय मरणाचा दिसला तरी त्याचे सारे प्रयोजन जगण्याशी आहे. आपण कशासाठी जगायचे, कशावर विश्वास ठेवायचा आणि आपल्या हातून कोणते काम व्हायचे, हे ठरविण्यासाठीच तो शिकवलेला आहे.

जुन्या व्यवस्थेत आपले मरण कोणाच्या हाती होते?

आधी मागे वळून पाहू. आपल्यापैकी पुष्कळांच्या पूर्वजांना गावकीची कामे होती. गावात कोणी मेले की परगावी सांगावा घेऊन पायी धावायचे काम आपल्याकडे. सरणासाठी लाकूडफाटा आणण्याचे काम आपल्याकडे. मेलेले ढोर ओढण्याचे कामही आपल्याकडेच. म्हणजे साऱ्या गावाच्या मरणाचे ओझे आपण वाहत होतो. पण आपल्या स्वतःच्या मरणाचा अर्थ काय, हे सांगण्याचा अधिकार मात्र दुसऱ्यांनी आपल्याकडे ठेवला होता.

ते काय सांगत होते? तुमचा हा जन्म मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे. नेमून दिलेले काम मुकाट्याने करा, म्हणजे पुढचा जन्म बरा मिळेल. या एका विचाराने दोन गोष्टी साधल्या. पहिली, या जन्मीच्या अन्यायाला कोणी जबाबदार उरला नाही. दुसरी, माणसाचे काम जन्मानेच ठरून गेले, त्यामुळे 'मी कशासाठी जगतो' हा प्रश्नच त्याच्या मनात येऊ नये अशी तजवीज झाली.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी जी घोषणा केली, तिच्याकडे या दृष्टीने पाहावे. हिंदू म्हणून जन्मास आलो हे माझ्या हाती नव्हते, पण हिंदू म्हणून मरणार नाही, असा त्या घोषणेचा आशय होता. आपल्या धर्मांतराचा उगम ज्या निर्धारात आहे, तो मरणासंबंधीचा निर्धार आहे, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. जन्म ही मिळालेली गोष्ट आहे. त्यात निवड नाही. मरणाची वेळही निवडता येत नाही. पण मरताना आपण कोण असावे, हे माणूस जगता जगता ठरवू शकतो. बाबासाहेबांनी ते ठरवले, आणि पुढची एकवीस वर्षे त्या निर्धाराच्या पूर्तीसाठी अभ्यास केला.

एक शंका आणि तिचे उत्तर

येथे जाणकार वाचक विचारील : "सिद्धार्थाने म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारली आहे. मग तुम्ही मरणाचे चिंतन का शिकवता?"

शंका रास्त आहे. बाबासाहेबांचा मुद्दा असा की, परिव्रज्येच्या वेळी सिद्धार्थ एकोणतीस वर्षांचा होता. म्हातारपण, आजार आणि मरण ही रोजची दृश्ये आहेत. ती त्याने एकोणतीस वर्षे पाहिलीच नसतील हे बुद्धीला पटत नाही. म्हणून त्यांनी शाक्य आणि कोलीय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्याचे कारण मांडले. सिद्धार्थाने शाक्य संघात युद्धाला विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले, आणि आपल्या कुटुंबावर आपत्ती येऊ नये म्हणून त्याने देशत्याग पत्करला.

यातून आपण काय घ्यावे? मरण पाहून माणसांपासून पळून जाणे, ही धम्माची सुरुवात नव्हे. ज्या वैराग्याने माणूस जगाकडे पाठ फिरवतो, ते वैराग्य आपल्याला शिकायचे नाही. पण तथागतांनी भिक्खूंना आणि गृहस्थांना मरणाची आठवण ठेवण्यास सांगितले, हेही त्रिपिटकात ठिकठिकाणी आढळते. त्या उपदेशाकडे नीट पाहिले, तर तो माणसाला जगापासून दूर नेत नाही, उलट आजच्या कामाकडे परत आणतो, असे दिसून येईल. त्यासाठी तीन प्रसंग पाहू.

आळवीची विणकरकन्या

धम्मपदाच्या अट्ठकथेत ही हकिकत आहे. तथागत आळवी नगरीत आले. लोकांनी भोजनदान दिले. भोजनानंतर त्यांनी उपदेश केला की, जगणे अनिश्चित आहे, मरण निश्चित आहे, याची आठवण ठेवा. ऐकणारे पुष्कळ होते. उपदेश ऐकला आणि सारे आपापल्या कामाला लागले. फक्त एका विणकराच्या सोळा वर्षांच्या मुलीने तो मनावर घेतला. ती घरचे काम करीत होती, बापाच्या मागासाठी सूत भरून देत होती आणि तीन वर्षे रोज ही आठवण ठेवीत होती.

तीन वर्षांनी तथागत पुन्हा आळवीला आले. मुलीला जाण्याची ओढ लागली. पण बापाने सांगितले होते, मागावरचे कापड पुरे करायचे आहे, कांडी भरून लवकर आण. तिने आधी काम पुरे केले, मग सूत घेऊन निघाली आणि वाटेत सभेच्या कडेला येऊन उभी राहिली. अट्ठकथा सांगते की सारी सभा जमली असूनही तथागत तोपर्यंत काही न बोलता बसून होते. ते त्या मुलीसाठी थांबले होते.

त्यांनी तिला जवळ बोलावून चार प्रश्न विचारले. कोठून आलीस? ती म्हणाली, ठाऊक नाही. कोठे जाणार? ठाऊक नाही. ठाऊक नाही काय? ठाऊक आहे. ठाऊक आहे काय? ठाऊक नाही. लोक चिडले, पोर उद्धटपणा करते असे त्यांना वाटले. तथागतांनी तिला अर्थ विचारला. तिने सांगितले : मी विणकराच्या घरून आले हे आपल्याला माहीतच आहे, आपण विचारता ते या जन्माच्या आधीचे, ते मला ठाऊक नाही. मेल्यावर कोठे जाणार, तेही ठाऊक नाही. मरणार आहे, हे ठाऊक आहे. केव्हा मरणार, हे ठाऊक नाही.

किती प्रामाणिक उत्तर आहे पाहा! जे माहीत नाही ते माहीत नाही असे ती स्वच्छ सांगते. जे निश्चित आहे त्यावर बोट ठेवते. सोळा-एकोणीस वर्षांची, कष्टकऱ्याच्या घरातली मुलगी. नागपूर-विदर्भाकडे आपल्या कितीतरी घरांत एके काळी माग होता. त्या घरांना ही मुलगी परकी वाटू नये.

त्याच दिवशी ती सूत घेऊन घरी गेली. बाप मागावर बसल्या बसल्या पेंगला होता. तिच्या चाहुलीने दचकून त्याने माग ओढला, मागाचा टोकदार भाग तिच्या छातीत लागला आणि ती जागीच मरण पावली. बाप आक्रोश करीत तथागतांकडे आला. त्यांनी त्याचे सांत्वन केले आणि पुढे तो भिक्खुसंघात आला.

ही गोष्ट ऐकून कोणी म्हणेल, तीन वर्षे चिंतन करूनही ती मेलीच, मग उपयोग काय झाला? उपयोग हा झाला की तिची तीन वर्षे वाया गेली नाहीत. मरणाच्या चिंतनाने मरण टळत नाही. माणूस मरणापूर्वी जागा होतो.

घास आणि श्वास

दुसरा प्रसंग नादिका गावचा. तेथील विटांच्या निवासात तथागतांनी भिक्खूंना विचारले, तुम्ही मरणाची आठवण कशी ठेवता? एकाने सांगितले, मी एक रात्र आणि एक दिवस जगलो तरी शास्त्याच्या शिकवणुकीप्रमाणे पुष्कळ करीन, असे मनात आणतो. दुसरा म्हणाला, मी एका दिवसाचा विचार करतो. तिसऱ्याने एका जेवणाचा वेळ सांगितला. चौथ्याने चार-पाच घासांचा. पाचव्याने एका घासाचा. सहाव्याने एका श्वासाचा. शेवटच्या दोघांना तथागतांनी जागरूक म्हटले. बाकीचे अजून प्रमादात आहेत असे सांगितले.

या भिक्खूंच्या बोलण्यातला महत्त्वाचा भाग कोणता? 'मी मरेन' एवढेच ते म्हणत नाहीत. 'तेवढ्या वेळात मी पुष्कळ करीन' असे म्हणतात. मरणाच्या आठवणीचे माप ते कामाने मोजतात. 'अप्पमाद' म्हणतात तो हाच. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे. महापरिनिब्बानाच्या वेळी तथागतांनी भिक्खूंना जो अखेरचा उपदेश केला, तोही याच शब्दाभोवती आहे : सर्व संस्कार नाशवंत आहेत, म्हणून गाफील न राहता आपले कार्य सिद्धीस न्या.

राजालाही तोच प्रश्न

तिसरा प्रसंग कोसलचा राजा प्रसेनजित याचा. भर दुपारी तो राज्यकारभाराच्या गडबडीतून तथागतांकडे आला. त्यांनी विचारले, महाराज, पूर्वेकडून विश्वासू माणूस येऊन सांगू लागला की आभाळाएवढा पर्वत सर्वांना चिरडीत इकडे येत आहे. मग पश्चिमेकडून, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडूनही तशीच बातमी आली, तर आपण काय कराल? राजा म्हणाला, अशा वेळी धम्माने वागणे आणि सत्कृत्य करणे यापलीकडे काय उरते? तथागत म्हणाले, जरा आणि मरण असेच चहूकडून येत आहेत. राजाने कबूल केले की तेथे हत्तीदळ कामाचे नाही, घोडदळ नाही आणि खजिनाही नाही.

विणकराची पोर आणि कोसलचा राजा या दोघांना एकच प्रश्न विचारला गेला आणि उत्तरही एकाच दिशेचे आले. मरणापुढे उच्च-नीच नाही, हे सारेच धर्म तोंडाने म्हणतात आणि स्मशाने मात्र वेगवेगळी ठेवतात. तथागतांनी ती समता जगण्यात आणायला सांगितली.

चिंतन चुकीचे केव्हा होते?

मरणाचा विचार करणे आणि मरणानुस्सती करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' हा ग्रंथ लिहिला. त्यात ते बजावतात की मरण भलत्या रीतीने आठवले तर चार दोष उत्पन्न होतात. प्रिय माणसाचे मरण आठवले तर शोक होतो. वैऱ्याचे आठवले तर आनंद होतो. ज्याच्याशी आपला संबंध नाही त्याचे आठवले तर मन कोरडे राहते, जसे प्रेते जाळणाऱ्याचे रोजच्या सवयीने राहते. आणि स्वतःचे आठवले तर भीती वाटते. शोक, आनंद, कोरडेपणा आणि भीती, यांपैकी काहीही उत्पन्न होत असेल तर चिंतनाची वाट चुकली असे समजावे.

म्हणून काही पथ्ये पाळावीत. ज्यांच्या घरी नुकतेच मरण झाले आहे, त्यांच्यावर हे चिंतन लादू नये. त्यांना सोबत द्यावी, जेवूखाऊ घालावे, बोलू द्यावे. ज्यांचे मन खचले आहे, जगणे नकोसे वाटते आहे, त्यांनीही हे चिंतन करू नये. त्यांनी मैत्री-भावना करावी, जवळच्या माणसाजवळ मन मोकळे करावे आणि डॉक्टरचा सल्ला घ्यावा. हे चिंतन जीवन अधिक मोलाचे वाटावे म्हणून आहे. ज्याने ते कवडीमोल वाटू लागते, ते धम्मचिंतन नव्हे.

पाच गोष्टी, सर्वांसाठी

अंगुत्तर निकायातील एका सुत्तात स्त्री, पुरुष, गृहस्थ आणि प्रव्रजित अशा सर्वांनी नित्य चिंतन करावे म्हणून पाच गोष्टी सांगितल्या आहेत. मी म्हातारा होणार आहे. मी आजारी पडणार आहे. मी मरणार आहे. जे जे मला प्रिय आहे त्यापासून माझा वियोग होणार आहे. आणि मी माझ्या कर्माचा धनी आहे, माझ्या बऱ्यावाईट कृत्यांचा वारस मीच आहे.

पाचवी गोष्ट ऐकताच आपल्यापैकी काहींचे कान टवकारतील. कर्म हा शब्द वापरूनच आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या दाबून ठेवले गेले. म्हणून येथे स्पष्ट समजून घ्यावे. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते हे मत नाकारले आहे. नित्य, न बदलणारा आत्मा एका देहातून दुसऱ्या देहात जातो, हेही बुद्धाच्या शिकवणुकीत नाही. देह पडला की त्यातील पृथ्वी, आप, तेज आणि वायू ही तत्त्वे निसर्गातील आपापल्या साठ्यात मिसळतात. तेव्हा कर्म म्हणजे कपाळावरचा लेख नव्हे. आपण आज जे करतो, बोलतो आणि मनात धरतो त्याचा परिणाम घडतो. आपल्यावर घडतो आणि आपल्या भोवतालच्या माणसांवरही घडतो. आपण गेल्यावर तो परिणाम मागे राहतो. आत्या विचारते, त्याचा जीव अडकून राहील का? आपले उत्तर असे की जीव अडकत नाही. पण माणसाने केलेले काम मागे राहते, आणि अपुरे सोडलेले कामही मागे राहते.

त्रेपन्न दिवस

आता आपल्या डोळ्यांपुढचे उदाहरण घेऊ. बाबासाहेबांना मरण परके नव्हते. त्यांची चार अपत्ये अकाली गेली. लाडका राजरत्न १९२६ साली गेला. त्यानंतर वर्ष पुरे होण्याच्या आत, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या चवदार तळ्यावर होते. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली. एका गोष्टीमुळे दुसरी घडली, असे आम्ही म्हणत नाही. त्या लढ्यांची कारणे समाजाच्या स्थितीत होती. आपण एवढेच पाहावे की दुःखाने त्यांचे पाय थांबले नाहीत.

आणि शेवटचे दिवस पाहा. मधुमेहाने शरीर पोखरले होते. पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. अशा अवस्थेत १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी नागपूरला दीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. १५ तारखेला त्यांनी प्रदीर्घ भाषण केले. १६ तारखेला ते चांद्याला होते. नोव्हेंबरात काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदेत 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या विषयावर बोलले. परतीच्या प्रवासात सारनाथला आणि तथागतांच्या महापरिनिब्बानाच्या भूमीला, कुशिनारेला, गेले. ५ डिसेंबरच्या रात्री 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेची पाने त्यांच्या हाताशी होती. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. दीक्षेपासून मोजले तर अवघे त्रेपन्न दिवस. मूळ इंग्रजी ग्रंथ त्यांच्या पश्चात, १९५७ साली प्रसिद्ध झाला.

१५ ऑक्टोबरच्या भाषणातील दोन गोष्टी आपल्या विषयासाठी फार महत्त्वाच्या आहेत. एक, त्यांनी सांगितले की प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा भाग या कार्यासाठी द्यावा. दुसरी, त्यांनी जाहीर केले की प्रत्येक बौद्धाला दुसऱ्याला दीक्षा देण्याचा अधिकार आहे. हे धम्मकार्य त्यांनी स्वतःच्या देहाला बांधून ठेवले नाही. ते शेकडो-हजारो हातांत वाटून दिले. आपण राहणार नाही हे ज्याला उमगले आहे, तोच असे वाटून देऊ शकतो.

त्याचा प्रत्यय लगेच आला. मुंबईला १६ डिसेंबरला दीक्षेचा समारंभ व्हायचा होता. त्याआधीच बाबासाहेब गेले. ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर, त्यांच्या चितेच्या साक्षीने, भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या जनसमुदायाला दीक्षा दिली. ती घेणाऱ्यांची संख्या लाखाच्या घरात होती. अंत्ययात्रेला आलेली माणसे बौद्ध होऊन घरी परतली. मरणाच्या दिवशी काय करावे, याचा एवढा मोठा धडा दुसरा नाही. त्या माणसांनी शोक केला नाही असे नव्हे. त्यांनी शोकाला कामाला लावले.

ध्येय, श्रद्धा आणि काम

आता आपण स्वतःकडे वळू. मरणाची आठवण आपल्याला तीन गोष्टी देते.

पहिली गोष्ट ध्येय. आपल्या डोक्यात शंभर कामे असतात. सारीच तातडीची वाटतात. 'हे वर्ष माझे शेवटचे असते तर यातले काय राहून गेले म्हणून मी हळहळलो असतो?' असा प्रश्न स्वतःला विचारा. मोठी गाडी राहिली, लग्नात बँड लावायचा राहिला, असे फारसे कोणी म्हणणार नाही. मुलीचे शिक्षण पुरे करायचे होते, भावाशी वैर मिटवायचे होते, वस्तीत अभ्यासिका सुरू करायची होती, दारू सोडायची होती, अशी उत्तरे येतात. जे उत्तर येईल तेच आजचे पहिले काम समजावे.

दुसरी गोष्ट श्रद्धा. आपली श्रद्धा म्हणजे कोणी तरी वरून तारील असा भरवसा नव्हे. तथागतांनी स्वतःला मार्गदाता म्हटले, मोक्षदाता म्हटले नाही. तपासून पाहिलेल्या मार्गावर पाऊल टाकण्याचे धैर्य, ती आपली श्रद्धा. आळवीच्या मुलीने 'मला ठाऊक नाही' असे म्हटले, तरी तिची श्रद्धा डळमळली नाही. मरणानंतर काय, याचे उत्तर खिशात असल्याशिवाय ज्याला नीट जगता येत नाही, त्याची श्रद्धा अजून कच्ची आहे. बाविसांपैकी एकविसाव्या प्रतिज्ञेत आपण म्हटले आहे की आज आपला नवा जन्म होत आहे. तो नवा जन्म आपल्याला मिळालेला आहे आणि तो याच देहात आहे.

तिसरी गोष्ट काम. जन्माने ठरवून दिलेले काम आपण नाकारले. मग आता काम कसे ठरवायचे? केवळ पगारावरून ठरवायचे काय? तथागतांनी सम्यक आजीव सांगितला. शस्त्रे, प्राणी, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे सांगितले. हे टाळून जे प्रामाणिक काम मिळेल त्यात कमीपणा नाही. एसटीचा चालक चाळीस माणसांचा जीव हातात घेऊन जातो. परिचारिका रात्रभर रुग्णाजवळ जागते. शिक्षक, सफाई कामगार, अंगणवाडी ताई, शेतमजूर, या प्रत्येकाने संध्याकाळी स्वतःला विचारावे : आज माझ्या हातून कोणाचे जगणे थोडे सुसह्य झाले काय? उत्तर 'होय' असेल तर तो दिवस वाया गेला नाही. आणि पोटाच्या कामात असे काही करायला वावच नसेल, तर आठवड्यातील दोन तास आणि मिळकतीचा विसावा भाग तरी आपल्या हातात आहे. विहारातील मुलांचा वर्ग, वाचनालय, आजाऱ्यांची विचारपूस, ही कामे माणसांची वाट पाहत आहेत.

घरी कसे करावे?

संध्याकाळी सर्वांनी एकत्र बसून त्रिशरण-पंचशील म्हणावे. नंतर दोन-तीन मिनिटे मैत्री-भावना करावी. मग शांत बसून पाच गोष्टींपैकी एक मनात घ्यावी. रोज पाचही घेण्याची गरज नाही. थोडा वेळ श्वासाकडे लक्ष द्यावे. शेवटी प्रत्येकाने उद्या करावयाचे एक काम मनाशी ठरवावे. सारे मिळून दहा मिनिटे पुरतात. मुलांना भीती वाटेल असे काही बोलू नये. त्यांना पिकले पान, सुकलेले फूल दाखवून अनित्यता समजावून सांगावी.

आणखी एक काम आजच करण्यासारखे आहे. घरातील वडीलधाऱ्यांनी धडधाकट असतानाच मुलाबाळांना स्पष्ट सांगून ठेवावे, शक्य तर लिहून ठेवावे : माझा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने करा. पिंड नको, कावळा नको. कर्ज काढून जेवणावळी घालू नका. पुण्यानुमोदनाच्या दिवशी धम्मावर प्रवचन ठेवा आणि जमेल तेवढे पैसे एखाद्या गरीब मुलाच्या वह्या-पुस्तकांना द्या. एवढे सांगितलेले असले म्हणजे त्या दिवशी मुलावर गप्प बसण्याची पाळी येत नाही. तो आत्याच्या पाया पडून म्हणू शकतो, "आत्या, बाबांचा जीव कुठे अडकलेला नाही. त्यांनी सांगितलेलं एक काम राहिलंय, ते आपण दोघं मिळून करू या." आत्याला तोडून बोलू नये. तिच्या प्रश्नात भावाची माया आहे. त्या मायेला योग्य वाट दाखवणे हेही धम्माचेच काम आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात मरणाविषयीच्या कोणत्या जुन्या समजुती अजून शिल्लक आहेत? त्यांच्या मुळाशी भीती आहे की माया?

२. आळवीच्या मुलीची चार उत्तरे आपल्या शब्दांत सांगा. त्यांतील कोणते उत्तर द्यायला आपल्याला सर्वांत अवघड वाटते?

३. नादिकेच्या भिक्खूंपैकी आपण कोणाच्या जागी आहोत? एका दिवसाच्या, एका जेवणाच्या की एका श्वासाच्या?

४. बाबासाहेबांनी आपल्यावर सोपवलेल्या कामांपैकी कोणते काम आपले कुटुंब या महिन्यात हाती घेऊ शकते?

उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा वाचावीत. लिहिलेल्यापैकी एक जरी गोष्ट तोवर पुरी झाली, तर हा पाठ आपल्याला समजला असे म्हणता येईल.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम.